दगडी कान

इलियास बहिरा झाला, पण त्याची धास्ती घेऊन जगलो मी. हसताय काय? खरं तेच सांगतो. त्याला ऐकू येत न्हाई हे साऱ्या मोमिनाबादेत तिघांनाच ठावं होतं: तो, त्याची बायको हजराबी आन् मी. त्यातला तो निवांत ढोल बडवायचा, हजराबी घरी बसून दुवा मागायची, आन् भर वरातीत छातीत धडधड व्हायची ती ह्या रामकिसनच्या.

मी भगवानराव मास्तरच्या ब्यांडात क्लारनेट वाजवायचो. मोमिनाबाद म्हणजे तुमचं आताचं अंबाजोगाई. निजामाच्या अमलात सरकारी कागदावर तेच नाव चालायचं. इलियासकडं बडा ढोल होता. बडा म्हणजे किती? इलियास आधीच बुटका, त्यानं ढोल पोटावर बांधला की समोरून निस्ती पगडी आन् खाली दोन पाय दिसायचे. पोरं म्हणायची, ढोलाला पाय फुटले. गावाबाहेरच्या छावणीत पूर्वी घोडदळाचा रिसाला होता, त्यांच्या ब्यांडातला हा ढोल. इलियासचा बाप तिथं घोड्यांना गवत टाकायचा. रिसाला उठला, साहेब गेले, घोडी गेली, आन् एका बाजूचं कातडं फाटलं म्हणून हा ढोल मागं राहिला. बापानं तो घरी आणला, नवं कातडं चढवलं आन् इलियासच्या गळ्यात अडकवला. तवापासून तीस वर्षं तो काय त्याच्या पोटावरनं उतरला न्हाई.

तसा त्याचा घरचा धंदा पिंजाऱ्याचा. लग्नसराई सरली की धनुकली खांद्यावर टाकून कापूस पिंजत फिरायचा, गाद्या-रजया भरून द्यायचा. म्हणून पहिल्या पहिल्यांदा हाक मारूनही त्यानं मान वळवली न्हाई, की तो हसून म्हणायचा, "कानात कापूस गेलाय बे." लोकांना ते पटायचं. मलाही पटलतं. मंग माजलगावच्या एका वरातीत नवरदेवाचा घोडा फटाक्याला बुजला आन् मागून थेट इलियासच्या अंगावर आला. माणसं बोंबलतायत, बाया किंचाळतायत, आन् हा आपला डोळे मिटून धम, धम, धम! मी क्लारनेट टाकून त्याला बाजूला ओढला तवा घोडा आमच्या अंगाला घासून गेला. त्यानं घोड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् त्याचे ओठ पांढरेफटक पडले. मी म्हणलं, "हा कापूस न्हाई, इलियास." त्याला तेही ऐकू गेलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी हजराबीनं मला घरी बोलवलं. म्हणाली, "भाईजान, लई दिवस झाले, ह्यांना काईच ऐकू येत न्हाई. समोर उभं ऱ्हाऊन बोललं तर ओठ बघून समजून घेतात." इलियास मान खाली घालून बसलता. मी त्याच्या पुढ्यात बसलो, तोंड मोठं करून इचारलं, "आरं, मंग ढोल कसा वाजवतो तू?"

त्यानं पोटावर हात ठेवला. "समदं गाव मुकं झालंय माझ्यासाठी, रामकिसन. हजरा बी मुकी, तू बी मुका. निस्ता ढोल बोलतो, हितं. तेवढा ऱ्हाऊ दे."

मला रडू आलं, आन् रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी त्याला दोन शिव्या दिल्या. त्याला ऐकू थोड्याच जाणार होत्या.

पण ढोल इलियासच्या घरचा असला तरी ब्यांडात तो कुणाच्या गळ्यात, हे ठरवणं होतं मास्तरच्या हातात. भगवानराव मास्तर म्हणजे जमदग्नीचा अवतार. एकदा बिगुलवाला अर्धी मात्रा उशिरा आला म्हणून त्याला चालत्या वरातीतनं हाकललं. ते बिचारं लाल कोटात, भर उन्हात, परळीपर्यंत पायी गेलं. आन् ढोलाला वारस तयारच होता. इलियासचा पुतण्या रहीम ताशा वाजवायचा, हात लई तयार त्याचा. मास्तर येता-जाता म्हणायचा, "इलियास, तुझा हात एकदा जरी चुकला तर ढोल रहीमच्या गळ्यात." इलियास मास्तरच्या ओठांकडं बघून हसायचा.

म्हणून आमी दोघांनी ठरवलं. वरातीत क्लारनेट पुढं, ढोल मागं. त्याला माझी पाठ दिसायची. मी उजवा खांदा उडवला की समेची थाप. दोन्ही खांदे उडवले की लय दुप्पट. मान खाली घातली की बंद. सालभर माझे खांदे असे उडायचे की लोक म्हणायचे, रामकिसनच्या अंगात येतं. बायकोनं तर माझा सदरा उकळत्या पाण्यात घातला, उवा झाल्या म्हणून. तिला कुठं सांगता येतंय?

आन् मान खाली घालायची पाळी रोजची. कावून म्हणाल तर आमच्याकडं रीत होती: मशिदीवरून बांग ऐकू आली की बाजा जागच्या जागी बंद. तोंडातला सूर तोंडातच ठेवायचा. नवरदेव घोड्यावर ताटकळंना का, बांग संपली की तिथनंच पुढं. कुणाला सांगावं लागायचं न्हाई. हिंदू असो, मुसलमान असो, हात आपोआप थांबायचे. इलियास तर पाच वक्ताचा नमाजी. मी मान घातली की तो समजायचा, ढोलावर तळहात टेकवून उभा ऱ्हायचा.

असं सालभर निभलं. मंग आला तो मशीनवाला साहेब.

फसली तेराशे त्रेचाळीस, म्हणजे तुमचं इंग्रजी एकोणीसशे चौतीस, माघ महिना. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस. रंगानं आपल्यासारखाच, पण टोपी विलायती. परळीला आगगाडीतनं उतरला आन् तीन बैलगाड्या पेट्या घेऊन आमच्याकडं आला. तहसिलीतून इजाजत काढलेली, मुक्काम मुसाफिर बंगल्यात. त्याला आमचा वरातीचा बाजा मेणाच्या ताटावर कोरून न्यायचा होता. त्यावरून तबकड्या निघणार, आन् मुंबई-हैदराबादचे लोक घरी लोडाला टेकून मोमिनाबादची वरात ऐकणार! मास्तर तर आठ दिवस आधीपासून कुणाशी नीट बोलंना. मिशांना तूप लावून आलता.

साहेबाला खोलीत आवाज घुमायला नको होता, म्हणून भिंतींवर टांगायला वीस रजया पाहिजेत. गावात वीस रजया एका ठिकाणी कुणाकडं? इलियासकडं. बिचारा दोन खेपा करून आपल्या पाठीवर वाहून घेऊन आला, खिळ्यांना अडकवून दिल्या. आत शिरलं की खोलीत आपलाच आवाज मेल्यागत वाटायचा. मला ती खोली बघूनच कसंतरी झालं.

साहेबाकडं दोन कान होते. तो मायक्रोफोन म्हणायचा. आमच्या जिभेला ते वळंना, म्हणून आमी आपलं कान म्हणायचो. एक होता संगमरवराचा ठोकळा, आठ कोनी, वरवंट्याहून जड, लोखंडी कड्यात स्प्रिंगांवर टांगलेला. पोटात म्हणे कोळशाची भुकटी. दुसरा नवा होता, पानाच्या डब्याएवढा, चकचकीत, आन् त्याच्या तोंडावर पत्र्याचा इतका पातळ पापुद्रा की फुंकर मारली तर फाटंल. साहेब म्हणाला, आधी दोन्ही कानांनी थोडं थोडं ऐकतो, मंग एक ठरवू.

सकाळभर तेच चाललं. आधी दगड. आमी वाजवलं, साहेबानं ताटावर कोरलं आन् लगेच सुई ठेवून आमाला ऐकवलं. मी तर थंडच पडलो. आपला बाजा आपल्याला बाहेरून ऐकू येतोय! पण त्यात फोडणी तडतडावी तशी खरखर. आन् ढोलाच्या चार-पाच थापा झाल्या की आवाज बसायचा, मंग साहेब उठून दगडाला बोटानं टकटक करायचा, आतली भुकटी मोकळी व्हायला. नंतर डबा लावला. आयला, काय सांगू! क्लारनेट लोण्यासारखा. माझा श्वास घेतलेला बी ऐकू आला. पण ते कोरताना इलियासची पहिली थाप पडली, तवाच साहेब जागचा उडालता. "बस! बस! पापुद्रा फुटेगा!"

शेवटी त्यानं मास्तरला दोन वाटा सांगितल्या. डबा लावायचा तर ढोल खोलीत नको. तो बाहेर वऱ्हांड्यात ठेवायचा, मधलं दार बंद करायचं, दारावर रजया सोडायच्या, मंग थाप गाळून गाळून आत येईल, पण आवाज सोन्यासारखा निघंल. दगड लावायचा तर ढोल खोलीतच, लांबच्या कोपऱ्यात चालंल, पण खरखर ऱ्हाणार. कोणता लावू, तुमी बोला.

दार बंद! म्हणजे इलियास तिकडं, मी हिकडं. माझा खांदा त्याला दिसणार कसा? मी पुढं झालो. म्हणलं, "मास्तर, दगडच बरा. डब्यात माझा क्लारनेट नाकातनं वाजतोय."

"तो तुझा दोष हाय, डब्याचा न्हाई," मास्तर म्हणाला. समदे हसले.

"पण मास्तर, वरात म्हणजे ढोल. ढोलाला घराबाहेर काढून कसली वरात?"

हे मास्तरला थोडं पटलं. तो मिशीवरनं हात फिरवत इचार करू लागला, आन् माझ्या जिवात जीव आला. पण कुठला! तो इलियासकडं वळला. "ढोल तुझा हाय, इलियास. तूच ऐक आन् तूच सांग. दगड का डबा?"

साहेबानं दोन्ही ताटं पुन्हा लावली. इलियास खुर्चीवर बसला. काय सांगू माझी हालत! त्याच्यासमोर सुई फिरतेय, बाजा वाजतोय, आन् तो आपला मान डोलावतोय, जसं काई समदं समजतंय. मधूनच माझ्याकडं बघतोय. मी हळूच सरकत सरकत दगडाजवळ गेलो आन् त्याच्यावर हात ठेवून उभा ऱ्हायलो, थकल्यासारखा. इलियासनं बघितलं. म्हणाला, "दगड."

"कावून?" मास्तरनं इचारलं.

मास्तर त्या वक्ताला खाली वाकून पेटीत बघत होता. तोंड दिसलं न्हाई. इलियास म्हणाला, "हौ."

"आरं, कावून दगड म्हणतो? काय चांगलं हाय त्यात?"

"हौ, मास्तर."

रहीम फिसकन हसला. मी घाईनं बोललो, "कानात कापूस गेलाय त्याच्या, सकाळधरनं रजया वाहतोय." मास्तरनं इलियासला खालीवर न्याहाळलं. मंग म्हणाला, "पिंजाऱ्याला इचारून चूक केली. साहेब, डबा लावा."

झालं. गेलं समदं आगीतून फुफाट्यात.

ढोल वऱ्हांड्यात गेला. वऱ्हांडा रस्त्याच्या अंगाला, रस्त्यापलीकडं मशीद. दाराच्या आत मी, बाहेर इलियास. साहेब पेट्या जुळवत होता तेवढ्यात मी बाहेर गेलो. इलियास ढोलाजवळ उकिडवा बसलता, रंग उडालेला. म्हणाला, "रामकिसन, मी रहीमला सांगू का, तू वाजव म्हणून? आपणहून दिलेलं बरं. मास्तरनं समद्यांसमोर काढून घेतला तर मी पुन्हा ह्या रस्त्यानं चालू शकायचो न्हाई."

मी म्हणलं, "गप बस." ओठ मोठे करून म्हणलं. मंग मला सुतळी दिसली, रजयांच्या गठ्ठ्याची. मी तिचं एक टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं, दुसरं दाराखालच्या फटीतनं आत घेऊन माझ्या अंगठ्याला. एक हिसका म्हणजे सम. दोन हिसके म्हणजे दुप्पट. तीन म्हणजे बंद. त्यानं मान हलवली.

आत येऊन मी पाय दाराला लावून उभा ऱ्हायलो. मास्तर वरडला, "असा बगळ्यासारखा काय उभा?" मी म्हणलं, पायात गोळा आलाय. तालमीला एकदा वाजवलं. हिसका दिला, धम! दोन हिसके, धम-धम-धम! बरोबर पडलं. साहेब आतल्या खोलीतनं डोकं बाहेर काढून म्हणाला, "वा! ढोल एकदम फस्क्लास!" मी घामानं निथळलतो. माघातली थंडी होती, तरी सदरा पाठीला चिकटला.

ह्या साऱ्या कानांच्या गोंधळात दिवस कलला. सकाळीच आटपायचं होतं ते दुपारावर गेलं. मेणाची ताटं कपाटात दिव्याच्या उबेवर ठेवलेली. गार झाली तर कोरली जात न्हाईत म्हणे. साहेबानं सांगितलं, दोनच ताटं शिल्लक हायत, आन् सांजच्याला गाड्या परळीला निघणार. तेव्हा चुकू नका. त्यानं लाल दिवा लावला. आता कुणी खोकायचं बी न्हाई.

मी हिसका दिला.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. ढोल दाराआडून असा येत होता, जसा वरातीत गल्लीच्या पल्याडनं येतो. मी दोन हिसके दिले, लय दुप्पट झाली, एक थाप हिकडं न्हाई की तिकडं न्हाई. मला वाटलं, जमलं बे, जमलं! साऱ्या दिवसात पहिल्यांदा मी मोकळा श्वास घेतला. पुढं फक्त शेवटचं कडवं उरलं होतं.

आन् मशिदीवरून दुपारची बांग झाली.

रजयांमधनं बारीक, पण स्वच्छ आली. काय सांगू, आमच्यापैकी एकानं बी इचार केला न्हाई. लाल दिवा समोर जळतोय, ताट फिरतंय, साहेबानं सकाळधरनं घसा कोरडा केलाय, तरी रहीमच्या काड्या हवेत थांबल्या, बिगूल खाली आला, माझ्या तोंडातला सूर तोंडात ऱ्हायला. मास्तरचा हात सुदिक थांबला. माझा पाय पण थांबला. तीन हिसके द्यायचे, ते मी देलेच न्हाई. माझ्या अंगाला सवय होती मान खाली घालायची. मी मान खाली घातली. भिंतीकडं तोंड करून मान खाली घातली, आन् दाराआड त्याला ती कशी दिसावी?

ढोल चालूच ऱ्हायला.

धम-धम-धम, धम-धम-धम. वर बांग, खाली ढोल. खोलीतल्या समद्यांनी एकमेकांकडं बघितलं. मला भान आलं तवा मी पाय झटकला, एकदा, दोनदा, सुतळी फटीत अडकली आन् तुटली. मास्तरनं ती सुतळी बघितली. माझ्या अंगठ्याकडं बघितलं. रजया बाजूला सारल्या आन् दार उघडलं.

इलियास डोळे मिटून वाजवत होता. तोंडावर असं समाधान, जसं लेकरू अंगावर झोपलंय. मशिदीसमोर तो साऱ्या गावात सगळ्यात जवळ बसलेला. रस्त्यावर चारपाच माणसं उभी ऱ्हाऊन त्याच्याकडं बघत होती. मास्तर जाऊन पुढ्यात उभा ऱ्हायला. सावली पडली तसे इलियासनं डोळे उघडले. मास्तरचं तोंड बघितलं, हात थांबला. मंग त्यानं रस्त्याकडं बघितलं. टोप्या घालून मशिदीकडं निघालेली माणसं. वर कानाला हात लावून उभा बांगी. त्याची नजर मशिदीवरून माझ्यावर आली.

"बांग होतेय?" त्यानं इचारलं.

मी मान हलवली.

"कवापासून?"

त्यानं ढोलावरचा हात असा उचलला, जसा चटका बसलाय. नोकरी गेली, ढोल गेला, लोक हसतील, त्यातलं काई त्याच्या तोंडावर नव्हतं. ते येगळंच होतं, आन् ते बघवंना. त्यानं अंगठ्याची सुतळी सोडली, गडबडीत गाठ सुटंना, दातानं तोडली, आन् कुणाकडं न बघता रस्ता ओलांडून मशिदीत गेला.

साहेब तणतणत बाहेर आला. "एक मेण बर्बाद! तो बहिरा हाय, आन् तुमी मला सांगत न्हाई? ढोलवाला बदला. तो ताशेवाला पोरगा हाय ना, त्याला बसवा. एकच ताट उरलंय."

रहीमकडं समद्यांचे डोळे वळले. रहीम काड्यांकडं बघत उभा. मी मास्तरच्या तोंडाकडं बघत होतो, आन् मनात म्हणत होतो, बोल बाबा, काय बोलायचं ते बोल एकदाचं, मला बी हाकल. मास्तर ढोलाकडं वळला.

"साहेब," तो म्हणाला, "दगडाचा कान लावा."

"खरखर येईल. कंपनी तबकडी काढंल ह्याची मी हमी देत न्हाई."

"दगड लावा म्हणलं ना! ढोल आत येईल. क्लारनेटच्या समोर बसंल."

साहेबानं कपाळावर हात मारला, पण लावला. इकडं माझी धाकधूक कमी व्हायच्या जागी वाढली. इलियास येईल का? मशिदीतली माणसं बाहेर पडू लागली. एक गेला, दहा गेले, पन्नास गेले. इलियास न्हाई. साहेब घड्याळ बघतोय, ताट गार व्हाया लागलंय. मला वाटलं, तो मागच्या दारानं घरी गेला. आता कधीच येणार न्हाई. मीच कारणीभूत. माझी मान, माझी सुतळी, माझी अक्कल!

साऱ्यांच्या शेवटी तो आला. सावकाश आला, सरळ मास्तरच्या समोर. आन् बोलला. बहिऱ्याला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. तो एवढ्या मोठ्यानं बोलला की रस्त्यावरची माणसं वळून बघाया लागली.

"मास्तर, मला ऐकू येत न्हाई. लई दिवस झाले, येत न्हाई. रामकिसनचा काई कसूर न्हाई. ढोल घ्या, द्या कुणालाबी."

ज्या मास्तरला वरडल्याबिगर पाणी मागता येत नव्हतं, तो वरडला न्हाई. त्यानं वाकून तो बडा ढोल आपल्या कवेत उचलला, तांबडा होईस्तोवर उचलला, आत नेला, आन् माझ्या खुर्चीसमोर ठेवला. मंग इलियासला हातानं खूण केली, बस.

शेवटचं ताट. लाल दिवा. इलियास माझ्या खांद्याकडं बघत नव्हता, माझ्या बोटांकडं आन् गालांकडं बघत होता, पापणी न मिटता. मी फुंकलं. तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत मी काय वाजवलं मला आठवत न्हाई, ढोलाची थाप अन् थाप मात्र आठवते. दिवा विझला तवा समदे एकदम खोकले.

पुढं अकरा वर्षं ढोल त्याच्याच पोटावर होता. आता लपवायचं काईच उरलं नव्हतं. बांग झाली की जो जवळ आसंल तो त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. बऱ्याचदा मास्तर स्वतःच. रहीमला ढोल मिळाला तो इलियासनं आपल्या हातानं दिला तवा, गुडघे गेले म्हणून.

पण तबकडीचं सांगायचं ऱ्हायलं. दोन महिन्यांनी, चैतात, कंपनीचा कागद आला. मास्तरनं वाचला: खरखर फार, तबकडी निघणार न्हाई. कागद घडी करून त्यानं खिशात घातला आन् म्हणाला, "कोट घाला, वराती हायत." इलियासला सांगायचं काम माझ्याकडं आलं. तो घरी गादी भरत बसलता. मी समोर बसलो, ओठ मोठे करून सांगितलं की तबकडी निघणार न्हाई.

त्याचे हात थांबले. "ढोल चुकला?"

"न्हाई."

त्यानं माझी हनुवटी धरली, उजेडाकडं वळवली, ओठ नीट दिसावेत म्हणून. "पुन्यांदा बोल."

"न्हाई चुकला. कान खराब होता, दगडाचा. ढोल न्हाई."

"अजून एकदा."

मी अजून एकदा बोललो. सालभर त्याच्यापायी मी किती खोटं बोललो, मास्तरशी, साहेबाशी, बायकोशी, त्याची गिनती न्हाई. त्यानं सोडंस्तोवर मी हनुवटी हलवली न्हाई, कारण हे खरं होतं. त्या ताटावर ढोल एका थापेला सुदिक चुकला नव्हता.